रक्तातला निळा रंग

घरात कुणाला कावीळ झाली, की आपल्याकडे दोन गोष्टी लगेच होतात. कुणीतरी उसाचा रस आणतो आणि कुणीतरी अमुक गावी कावीळ उतरवणारा माणूस असल्याचे सांगतो. तिसरी गोष्ट म्हणजे रक्त तपासायला जाते. संध्याकाळी रिपोर्ट हाती येतो आणि सगळे घर त्या कागदाभोवती जमते. बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात. अर्थ कुणालाच कळत नाही, पण ठळक छापलेला आकडा कुठला हे मात्र सगळ्यांना कळते आणि त्यावर घराचा जीव टांगणीला लागतो.

मी उभे आयुष्य वैद्यकीय विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकवले. यकृताच्या तपासण्या शिकवताना मला नेहमी वाटे, की या कागदावरच्या प्रत्येक ओळीमागे एक माणूस उभा आहे आणि आपण त्याला ओळखत नाही. बिलिरुबिनच्या ओळीमागे जर्मनीचे पॉल एर्लिख आहेत. एसजीओटीच्या ओळीमागे आर्थर कार्मेन आहेत. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच त्यांनी या तपासणीचा पाया घातला. आणि अल्कलाइन फॉस्फटेजच्या जुन्या तपासणीमागे एक आपला माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरम गावचा. त्याचे नाव यल्लाप्रगडा सुब्बाराव.

हे नाव आमच्या पिढीतल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने घेतले आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत फिस्के-सुब्बाराव पद्धत असा मथळा लिहून त्याखाली रेघ मारली आहे. पण त्यातले सुब्बाराव कोण, हे विचारले तर शंभरातले पंचाण्णव जण गप्प बसत. म्हणून आज त्यांचे आयुष्य सांगायचे आहे.

केळी विकायला निघालेला मुलगा

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. भावंडे बरीच, वडील महसूल खात्यात, घरची कायम ओढाताण. मुलाचे अभ्यासात मन रमेना. तेराव्या वर्षी तो घरातून पळाला, तो काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि भरपूर पैसा करायचा असे ठरवून! वाटेतच पकडून त्याला परत आणले. शाळेची शेवटची परीक्षा तो मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून पास झाला, तीही तिसऱ्या प्रयत्नात. आज मुलाला दोन गुण कमी पडले म्हणून हवालदिल होणाऱ्या आईबापांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकताना त्यांना रामकृष्ण मिशनची ओढ लागली. संन्यास घ्यायचा होता. आईने परवानगी दिली नाही. मग सेवाच करायची तर डॉक्टर होऊन करावी, या विचाराने ते मद्रास मेडिकल कॉलेजात गेले. पैशांचा प्रश्न होताच. १९१९ साली शेषगिरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि सासऱ्यांनी शिक्षणाचा भार उचलला.

ते दिवस गांधीजींच्या हाकेचे होते. सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वर्गातही खादीचा अंगरखा घालून जाऊ लागले. इंग्रज प्राध्यापकांना ते रुचले नाही. लेखी परीक्षा चांगली देऊनही त्यांच्या पदरात पूर्ण एमबीबीएस न पडता एलएमएस ही खालची पदवी पडली. सरकारी वैद्यकीय नोकरीचे दार बंद झाले. ते मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवू लागले.

याच काळात घरावर घाला आला. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने गेले. संग्रहणी म्हणजे इंग्रजी वैद्यकात ज्याला स्प्रू म्हणतात तो आजार. खाल्लेले अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त आटत जाते आणि माणूस वाळून जातो. स्वतः सुब्बाराव यांनाही तो जडला होता. आयुर्वेदाच्या उपचारांनी ते वाचले, भाऊ वाचले नाहीत. या आजारात शरीराला नेमके काय कमी पडते, हे त्या वेळी जगात कुणालाच ठाऊक नव्हते. हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला असेल तर नवल नाही.

बेडपॅन उचलणारा डॉक्टर

हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. प्रवासाचे पैसे सासऱ्यांनी आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय निधीने दिले. पत्नीला दिवस गेले होते. तिला मागे ठेवून ते बोस्टनला गेले. खिशात जेमतेम पैसे आणि एलएमएस पदवीला तिथे डॉक्टर म्हणून काम करण्याची मुभा नाही. तेव्हा या डॉक्टरने रुग्णालयात रात्रपाळीचा हरकाम्या म्हणून नोकरी धरली. रुग्णांची बेडपॅन आणि लघवीची भांडी उचलायची, साफ करायची आणि सकाळी वर्गात जाऊन बसायचे.

इकडे मुलगा झाला आणि वर्षाच्या आतच गेला. बापाने त्याचे तोंडही पाहिले नाही. सुब्बाराव पुढे कधीच भारतात परतले नाहीत. शेषगिरी यांनी मात्र सगळे आयुष्य त्यांच्या नावाने काढले. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा बायकांना एका ओळीत उरकतात. शास्त्रज्ञ म्हणून सुब्बाराव यांच्यापुढे मी हात जोडते, पण एक बाई म्हणून शेषगिरींचा हिशेब माझ्या मनात कधीच मिटत नाही. टपालाची वाट पाहत सरलेली ती वर्षे कुठल्याच शोधनिबंधात नोंदली गेली नाहीत.

हार्वर्डमध्ये ओटो फोलिन यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात सुब्बाराव यांना जागा मिळाली. फोलिन म्हणजे रक्ताच्या रासायनिक तपासणीचे जनकच. थोड्याशा रक्तात कुठला पदार्थ किती आहे हे रंगावरून ओळखायचे, हा त्यांचा ध्यास होता. तिथे सायरस फिस्के यांच्या हाताखाली सुब्बाराव यांनी रक्तातला फॉस्फरस मोजण्याचे काम घेतले. १९२५ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

पद्धत ऐकायला अवघड, करायला सोपी. रक्तातली प्रथिने काढून टाकायची. उरलेल्या पाण्यासारख्या द्रवात आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालायचे. फॉस्फेट असेल तर ते मॉलिब्डेटशी जुळते. मग त्यात एक विशिष्ट रसायन सोडायचे, की नळीत सुंदर निळा रंग उमटतो. फॉस्फेट जितके जास्त, तितका निळा गडद. शेजारी माहीत असलेल्या प्रमाणाची नळी ठेवायची आणि दोन निळ्यांची तुलना करायची. त्या काळी ती डोळ्यांनीच करत. दोन पेले, दोन काचेचे दांडे आणि वर एक भिंग. भिंगातून दिसणाऱ्या वर्तुळाचे दोन अर्धे एकाच छटेचे झाले, की दांडा कुठवर उतरला ते वाचायचे.

आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग सुरू झाला, की मुलांचा गोंगाट आपोआप थांबे. रंगहीन नळीत हळूहळू निळाई चढताना पाहणे हा आनंदच वेगळा. मी त्यांना म्हणत असे, की हा निळा रंग भीमावरमहून आलेला आहे.

यकृताशी या निळ्याचा काय संबंध?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. यकृत हे आपल्या शरीरातले सर्वांत सोशिक इंद्रिय. मोठा भाग खराब होईपर्यंत ते तक्रार करत नाही. म्हणून त्याच्या आत काय चालले आहे हे रक्ताला विचारावे लागते.

यकृतात तयार झालेले पित्त बारीक नळ्यांतून आतड्यात उतरते. त्या नळ्यांच्या पेशींवर अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे विकर असते. खड्याने किंवा गाठीने वाट अडली, की हे विकर रक्तात वाढू लागते. १९३० च्या सुमारास संशोधकांच्या लक्षात आले, की पित्ताची वाट अडून झालेल्या काविळीत ते बरेच वाढते, तर यकृताच्या पेशींना सूज येऊन झालेल्या काविळीत तितके वाढत नाही. म्हणजे डोळे दोन्ही रुग्णांचे पिवळे, पण एकाला शस्त्रक्रिया लागणार आणि दुसऱ्याला विश्रांती. सोनोग्राफी नसलेल्या त्या काळात हा फरक रक्तावरून सांगता येणे म्हणजे केवढी गोष्ट!

पण विकर मोजायचे कसे? ते इतके थोडे असते, की वजन करता येत नाही. त्याचे काम मोजावे लागते. या विकराचे काम म्हणजे एखाद्या संयुगातून फॉस्फेट तोडून मोकळे करणे. रुग्णाच्या रक्तद्रवात असे संयुग मिसळायचे, शरीराच्या उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायचे आणि किती फॉस्फेट सुटले ते पाहायचे. ते पाहण्यासाठी मॉलिब्डेटच्या निळ्या रंगाचाच आधार होता, आणि अनेक प्रयोगशाळांत तो फिस्के-सुब्बाराव यांच्या रीतीने घेतला जाई. पुढे वेगवेगळी संयुगे आली, जुन्या रिपोर्टांवरची बोडान्स्की युनिटे आणि किंग-आर्मस्ट्राँग युनिटे गेली. आज यंत्रे हे काम काही मिनिटांत करतात आणि बहुतेक ठिकाणी त्यात पिवळा रंग वापरतात. मूळ युक्ती मात्र तीच राहिली: विकराला काम द्या आणि रंगावरून त्याची मजुरी मोजा.

स्नायूंची शिदोरी

याच निळ्या रंगाच्या मदतीने सुब्बाराव आणि फिस्के यांनी स्नायूंमध्ये डोकावून पाहिले. १९२७ मध्ये त्यांना फॉस्फोक्रिएटिन सापडले आणि १९२९ मध्ये एटीपी. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही एटीपी स्वतंत्रपणे सापडले. आपण बोट हलवतो, श्वास घेतो, विचार करतो, ते ज्या नाण्यांच्या बळावर, ते हे एटीपी. आज दहावी-बारावीच्या पुस्तकात ते आहे.

१९३० साली सुब्बाराव पीएचडी झाले. पण हार्वर्डने त्यांना कायमची नेमणूक कधी दिली नाही. ते स्वतःचा डांगोरा पिटत नसत, श्रेय वरिष्ठांना जाऊ देत. त्यांच्याच काळात तिथे शिकलेले आणि पुढे नोबेल मिळवलेले जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर सांगितले, की सुब्बाराव यांनी वेगळे काढलेले काही पदार्थ फिस्के यांनी उजेडात येऊ दिले नाहीत आणि ते इतरांना बऱ्याच वर्षांनी पुन्हा शोधावे लागले. १९४० साली सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीत गेले. थोड्याच काळात तिथल्या संशोधनाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

यकृतात दडलेले औषध

सुब्बाराव यांनी यकृताचे काम मापले, तसे यकृतातून औषधही शोधले. १९२६ मध्ये बोस्टनच्या मिनो आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवले होते, की एका जीवघेण्या रक्तक्षयात रुग्णाला रोज प्राण्याचे यकृत खाऊ घातले तर तो वाचतो. यकृतात असे काय आहे? जगभर शोध सुरू झाला.

या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायका रक्तक्षयाने मरत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करून तिने दाखवले, की यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका सुधारतात. यकृताचा कच्चा अर्कही चालतो, पण शुद्ध केलेला चालत नाही. म्हणजे यकृतात रक्त वाढवणारी एक नव्हे, दोन द्रव्ये असली पाहिजेत. त्यांतले दुसरे म्हणजे फॉलिक आम्ल. मुंबईच्या गिरणीतल्या त्या अनाम बायकांनी जगाच्या वैद्यकाला दिलेले हे दान आहे.

लेडर्लेमध्ये सुब्बाराव यांच्या चमूने यकृतातून हे आम्ल शुद्ध रूपात वेगळे केले आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. लवकरच कळले, की संग्रहणीच्या रुग्णांना ते दिले, की त्यांचे रक्त भरून येते. ज्या आजाराने दोन भाऊ नेले, त्यावरचे औषध सुब्बाराव यांच्या हातून झाले, पण वीस-पंचवीस वर्षे उशिरा. आज आपल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर जी गोळी देतात, तिच्यात हेच फॉलिक आम्ल असते.

त्यानंतरची वर्षे विलक्षण घाईची होती. हत्तीरोगावरचे हेट्राझन आले. भारतात १९५५ पासून हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तो या औषधाच्या आधारावर. विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूरकडे आरोग्यसेविका घरोघरी वाटत आल्या त्या याच डीईसीच्या गोळ्या. १९४८ साली बेंजामिन डग्गर यांनी ऑरिओमायसिन जाहीर केले, तेही सुब्बाराव यांच्याच विभागातून. टेट्रासायक्लिन गटातले हे पहिले प्रतिजैविक.

आणि कर्करोग. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या लक्षात आले, की फॉलिक आम्लाने ल्युकेमियाच्या पेशीही फोफावतात. मग फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण पेशींना फसवणारे द्रव्य दिले तर? सुब्बाराव यांच्या चमूने ते करून दिले: अमिनोप्टेरिन. १९४८ च्या जूनमध्ये फार्बर यांनी जाहीर केले, की हमखास मरणाऱ्या काही मुलांमध्ये आजार तात्पुरता मागे हटला आहे. रक्ताच्या कर्करोगावर औषधाने मिळालेला तो पहिला ठसठशीत विजय. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे.

दोन महिन्यांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, सुब्बाराव रात्री झोपले ते उठलेच नाहीत. हृदय बंद पडले होते. वय अवघे ५३. ना नोबेल, ना बँकेत मोठी शिल्लक, ना आपल्या मातीचा स्पर्श. १९९५ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

रिपोर्ट कसा वाचावा

सुब्बाराव यांचे ऋण फेडायचे तर त्यांच्या विद्येचा नीट उपयोग करावा. म्हणून चार घरगुती गोष्टी सांगते.

एक, एका आकड्यावरून निकाल लावू नये. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतही असते. वाढत्या वयाच्या मुलात आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते एरवीच जास्त असते. नातवाचा आकडा आजोबांच्या आकड्याशी ताडून घाबरण्यात अर्थ नाही. एसजीओटी स्नायू आणि हृदयातही असते, एसजीपीटी मुख्यतः यकृतातले.

दोन, ही विकरे यकृताला इजा होते आहे हे सांगतात. यकृत काम किती करते आहे हे सांगत नाहीत. त्यासाठी अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची वेळ पाहावी लागते. यकृत अगदी थकलेले असताना एसजीपीटी चक्क साधारण दिसू शकते. तेव्हा दारू चालू ठेवून रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांनी सावध राहावे.

तीन, काविळीत माळ घालणे आणि डोळ्यांत औषध पिळणे यात दिवस घालवू नयेत. साधी कावीळ विश्रांतीने आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. पण वाट अडलेली असेल, तर गेलेले दिवस परत येत नाहीत.

चौथी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. संधिवात आणि सोरायसिस यांसाठी आज पुष्कळ घरांत मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या असतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बहुधा फॉलिक आम्लाची गोळी देतात. आणि ठरावीक मुदतीने यकृताच्या तपासण्या सांगतात, कारण हे औषध यकृताला त्रास देऊ शकते. पुष्कळ जण बरे वाटू लागले, की नेमकी हीच तपासणी टाळतात. सुई टोचून घ्यायचा कंटाळा, दुसरे काय!

त्यांनी एवढे पाहावे. आठवड्याची गोळी सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेली. तिचा त्रास कमी करणारी दुसऱ्या दिवसाची गोळीही तिथूनच आलेली. आणि यकृत शाबूत आहे ना हे विचारायची रीत घडली, तीत त्यांच्या निळ्या रंगाचा वाटा. संन्यास घेऊन लोकांची सेवा करायला निघालेल्या त्या माणसाला आईने अडवले, ते बरेच झाले म्हणायचे. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला रक्त द्यायला जाच. घरातले कुणी बरोबर आले, तर रांगेत बसल्या बसल्या त्यांना हे नाव सांगा. यल्लाप्रगडा सुब्बाराव.